पृथ्वी-सूर्य अंतराचे कोष्टक एप्रिलमध्ये का चुकते आणि उपसूर्याची तारीख दरवर्षी का हलते

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने एक्सेलमध्ये पृथ्वीचे सूर्यापासूनचे रोजचे अंतर देणारे कोष्टक तयार केले आहे. त्यासाठी लंबवर्तुळाचे नेहमीचे सूत्र घेतले, ३ जानेवारीला कोन शून्य धरला आणि पुढे रोज ०.९८५६ अंशांनी तो वाढवत नेला. जानेवारी आणि जुलैचे आकडे प्रसिद्ध आकड्यांशी छान जुळतात, पण एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये कोष्टकातले अंतर सुमारे ८० हजार किलोमीटरने कमी येते. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याची, म्हणजे उपसूर्याची, तारीख २०२० मध्ये ५ जानेवारी, तर २०२१ मध्ये २ जानेवारी होती. कक्षा ठरलेली असताना तारीख तीन दिवसांनी कशी हलते, आणि सूत्रच चुकीचे आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

सूत्र बरोबर आहे. चूक त्यात भरलेल्या कोनात आहे. तारखेच्या हलण्यामागे तर पृथ्वीच्या कक्षेपेक्षा चंद्राचा हात अधिक आहे. मात्र या दोन्हींच्या आधी एका गोष्टीचा उलगडा करायला हवा. ग्रहगणित शिकवताना मला असे दिसते की अंतर बदलते म्हणजे नेमके काय होते, याचे मनातले चित्रच बहुतेकांचे चुकलेले असते, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून निघतो.

पुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते. ती पाहून अंतर बदलते ते कक्षा चपटी असल्यामुळे, असा समज होतो. प्रत्यक्षात पृथ्वीच्या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष, म्हणजे सर्वांत लांब व्यासाचा अर्धा भाग, १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे आणि अर्धलघुअक्ष, म्हणजे सर्वांत आखूड व्यासाचा अर्धा भाग, त्याहून फक्त सुमारे २१ हजार किलोमीटरने कमी आहे. एक मीटर व्यासाचे वर्तुळ काढले, तर हा चपटेपणा त्यात मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा भरेल, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेतच तो लपून जाईल. याउलट सूर्य त्या कक्षेच्या मध्यापासून २५ लाख किलोमीटर बाजूला, म्हणजे लंबवर्तुळाच्या नाभी नावाच्या बिंदूवर आहे. अंतर बदलते ते या बाजूला असण्यामुळे. कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे, पण सूर्य त्याच्या मध्यावर नाही, हे चित्र मनात ठेवावे. तसे ठेवले की पृथ्वी वर्षातून दोनदा सूर्याजवळ येत असेल का, हा वारंवार विचारला जाणारा प्रश्न उरतच नाही. सूर्य मध्यावर असता तर चपट्या कक्षेत दोन जवळचे आणि दोन लांबचे बिंदू मिळाले असते. तो नाभीवर असल्यामुळे जवळचा बिंदू, म्हणजे उपसूर्य, एकच असतो आणि लांबचा, म्हणजे अपसूर्य, तोही एकच.

मध्यापासून सूर्य किती सरकलेला आहे, ते विमध्यता सांगते. पृथ्वीसाठी ती ०.०१६७ आहे. अर्धदीर्घाक्षाला तिने गुणले की वरचे २५ लाख किलोमीटर मिळतात. म्हणून उपसूर्याला अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख, अपसूर्याला सुमारे १५ कोटी २१ लाख, आणि फरक ५० लाख किलोमीटर. शुक्राची विमध्यता जेमतेम ०.००६८ असल्यामुळे त्याचे अंतर वर्षभरात १५ लाख किलोमीटरही बदलत नाही. बुधाची मात्र ०.२०६ आहे. तो ४ कोटी ६० लाखांपासून ६ कोटी ९८ लाख किलोमीटरपर्यंत जातो आणि उपसूर्याला त्याच्यावर अपसूर्याच्या २.३ पट ऊन पडते.

आता कोनाकडे वळू. कोष्टकात जो कोन रोज सारख्या गतीने वाढवला आहे, त्याला मी मध्यम कोन म्हणतो. पृथ्वी सतत सरासरी गतीने चालली असती तर ती कुठे असती, ते हा कोन सांगतो. लंबवर्तुळाच्या ज्या सूत्रात छेदामध्ये १ अधिक विमध्यता गुणिले कोसाइन येतो, त्याला मात्र खरा कोन लागतो, म्हणजे सूर्यावरून पाहिल्यावर पृथ्वी उपसूर्यापासून प्रत्यक्षात जितके अंश पुढे गेलेली दिसते तो. केप्लरच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे ग्रहाला सूर्याशी जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. त्यामुळे जवळ असताना ग्रहाचा कोन झपाट्याने वाढतो आणि लांब असताना सावकाश वाढतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पृथ्वी सरासरीच्या पुढे जात राहते आणि एप्रिलच्या सुरुवातीला खरा कोन मध्यम कोनापेक्षा सुमारे १.९ अंशांनी जास्त असतो. जुलैपर्यंत ही आघाडी संपते आणि ऑक्टोबरमध्ये पृथ्वी तितकीच मागे पडलेली असते. पंचांगाच्या गणितात हा फरक फार पूर्वीपासून मंदफल या नावाने येतो. जानेवारीत आणि जुलैत तो शून्य असल्यामुळे प्रश्नकर्त्याचे आकडे तेव्हा जुळतात, आणि एप्रिल-ऑक्टोबरमध्ये तो सर्वाधिक असल्यामुळे तेव्हाच सर्वांत जास्त चुकतात.

उपाय असा. मध्यम कोनावरून थेट खऱ्या कोनावर जाता येत नाही, म्हणून मध्ये एक मदतीचा कोन घ्यावा लागतो. मदतीचा कोन बरोबर मध्यम कोन अधिक विमध्यता गुणिले मदतीच्या कोनाचा साइन, हे केप्लरचे समीकरण आहे. यात उत्तर दोन्ही बाजूंना येत असल्यामुळे ते एका झटक्यात सुटत नाही. उजवीकडे आधी मध्यम कोनच घालावा, जे येईल ते पुन्हा उजवीकडे घालावे, आणि आकडा स्थिर होईपर्यंत असे करत जावे. पृथ्वीसाठी तीन फेऱ्या भरपूर होतात. मग अंतर बरोबर अर्धदीर्घाक्ष गुणिले (१ वजा विमध्यता गुणिले मदतीच्या कोनाचा कोसाइन). अंतरासाठी खरा कोन काढायचीही गरज पडत नाही. एक्सेलमधील साइन आणि कोसाइन कोन रेडियनमध्ये घेतात, हे मात्र विसरू नये. कोष्टक अजिबातच जुळत नसेल, तर मी आधी तेच तपासायला सांगतो.

एक उदाहरण करून पाहू. उपसूर्यानंतर ९० दिवसांनी मध्यम कोन ८८.७० अंश होतो. विमध्यता अंशांत मांडली तर ०.९५७ येते. पहिल्याच फेरीत मदतीचा कोन ८९.६६ अंश मिळतो आणि पुढच्या फेरीत तो जवळपास तिथेच राहतो. त्यावरून अंतर येते १४ कोटी ९५ लाख ८३ हजार किलोमीटर. मध्यम कोनच खरा कोन समजून जुन्या सूत्रात घातला, तर येते १४ कोटी ९४ लाख ९९ हजार. प्रश्नकर्त्याला सापडलेली ८० हजारांची तूट ती हीच.

ही तूट विमध्यतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पृथ्वीसाठी ती एकूण अंतराच्या दोन हजारव्या हिश्श्यापेक्षा थोडीशीच जास्त आहे, पण मंगळासाठी हाच आळस केला तर चूक ४० लाख किलोमीटरपर्यंत जाते. ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नसतात, हे केप्लरला मंगळानेच शिकवले, ते उगीच नव्हे. टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या वेधांशी, म्हणजे निरीक्षणांशी, ताडून पाहताना केप्लरच्या आधीच्या मांडणीत मंगळाच्या जागेत आठ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक राहत होता, आणि ब्राहेचे वेध इतके चुकणार नाहीत, या खात्रीने त्याने मांडणीच सोडून दिली. लंबवर्तुळाचा सिद्धांत १६०९ मध्ये छापला गेला.

आता गणित बाजूला ठेवून अंतर का बदलते, ते पाहू. जवळ आल्यावर सूर्याची ओढ वाढते, तर मग पृथ्वी आणखी आत का जात नाही, असे वर्गात हमखास विचारले जाते. उपसूर्याला पृथ्वीचा वेग सेकंदाला ३०.२९ किलोमीटर असतो. तेवढ्याच अंतरावर वर्तुळात फिरत राहायला ३०.०४ पुरला असता. वेग गरजेपेक्षा जास्त आहे, म्हणून पृथ्वी तिथून बाहेर सरकू लागते, आणि बाहेर जाताना सूर्याची ओढ तो वेग कमी करत नेते. अपसूर्याला वेग २९.२९ उरतो, तर तिथे वर्तुळासाठी २९.५४ लागला असता. आता वेग कमी पडतो, म्हणून ती पुन्हा आत येते. आत येताना वेग वाढतो, आणि हाच वाढलेला वेग तिला पुढे बाहेर नेतो. यात बाहेरून कोणी ढकलत नाही आणि काही खर्चही होत नाही.

अंतराचा बदल वर्षभर सारख्या दराने होत नाही. तो झोक्यासारखा असतो, दोन्ही टोकांना रेंगाळतो आणि मधल्या भागात सर्वांत वेगवान होतो. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सेकंदाला जवळपास अर्धा किलोमीटर या वेगाने, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ हजार किलोमीटरने, दूर किंवा जवळ सरकत असते. उपसूर्यानंतरच्या पहिल्या दिवसात मात्र अंतर जेमतेम ३७० किलोमीटरने वाढते, आणि तीन दिवसांत सुमारे ३,३०० किलोमीटरने. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण तारखेचे कोडे यांच्यावरच सुटते.

सूर्याभोवती नितळ लंबवर्तुळात फिरतो तो पृथ्वीचा मध्य नव्हे, तर पृथ्वी आणि चंद्र यांचा सामायिक गुरुत्वमध्य. तो पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, चंद्राच्या दिशेला असतो, आणि पृथ्वी महिन्याभरात त्याच्याभोवती एक छोटी फेरी मारते. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो, म्हणून पृथ्वी या गुरुत्वमध्यापेक्षा तेवढी सूर्याकडे सरकलेली असते. अमावस्येला ती तेवढीच पलीकडे असते. या डोलण्यामुळे पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर दिवसाला हजार किलोमीटरपर्यंत बदलू शकते. एप्रिलमध्ये ४३ हजारांपुढे हे काहीच नाही. पण उपसूर्याच्या आसपास कक्षेचा स्वतःचा बदल दिवसाला काही शे किलोमीटरच असतो, म्हणून तिथे चंद्राचे पारडे जड होते आणि सर्वांत कमी अंतराचा क्षण जवळच्या पौर्णिमेच्या दिशेला खेचला जातो.

प्रश्नकर्त्याने दिलेल्या दोन वर्षांवर हे ताडून पाहता येते. चंद्राचा परिणाम वगळला, तर गुरुत्वमध्याचा उपसूर्य २०२० मध्ये ४ जानेवारीला आणि २०२१ मध्ये ३ जानेवारीला येतो. एवढा फरक लीप वर्षामुळे पडतो. २०२० मध्ये पौष पौर्णिमा १० जानेवारीला, म्हणजे नंतर होती, म्हणून प्रत्यक्ष उपसूर्य ५ तारखेवर ढकलला गेला. २०२१ च्या वेळी मार्गशीर्ष पौर्णिमा ३० डिसेंबरलाच होऊन गेली होती, म्हणून तो मागे २ तारखेवर आला. दोन्ही वेळी सरकणे साधारण एका दिवसाचे आहे. मंगळावर ही भानगड नाही, कारण त्याचे दोन्ही चंद्र अगदीच किरकोळ आहेत. बाकीच्या ग्रहांच्या ओढीनेही पृथ्वीच्या अंतरात काही हजार किलोमीटरची भर-घट होते, पण साध्या कोष्टकात ती सोडून द्यावी. म्हणून माझा आग्रह असा की कोष्टकाची सुरुवात त्या त्या वर्षीच्या प्रसिद्ध उपसूर्य-क्षणापासून करू नये, कारण त्यात चंद्राचा दिवसभराचा फरक मिसळलेला असतो आणि तो पुढे वर्षभर वाहत राहतो. एप्रिलमध्ये एका दिवसाचा फरक म्हणजे ४३ हजार किलोमीटर. त्याऐवजी २००० सालच्या ४ जानेवारीला मध्यम कोन शून्य धरावा आणि तिथून ३६५.२५९६ दिवसांचे वर्ष मोजत यावे.

हे वर्ष आपल्या ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २५ मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे उपसूर्य साधारण ५८ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. तेराव्या शतकात, १२४६ च्या सुमारास, तो डिसेंबरमधील अयनदिनालाच, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीच, येत होता. थंडीच्या दिवसांत सूर्य जवळ कसा, या शंकेचे उत्तरही यात आहे. ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या अक्षाच्या २३.४ अंशांच्या कलण्याने. अंतरामुळे सूर्याकडून मिळणारी ऊर्जा जानेवारीत जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त असते खरी, पण कलण्याच्या परिणामापुढे ती आपल्याकडे जाणवत नाही.

अंतर बदलते हे स्वतः पाहायचे असेल, तर दोन मार्ग मी आवर्जून सुचवतो. पहिल्याला फक्त दृक्‌प्रत्ययी, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे, पंचांग लागते. त्यात रोजचा स्पष्ट रवी, म्हणजे सूर्याची त्या दिवसाची खरी जागा, अंश, कला, विकलांत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) दिलेला असतो. लागोपाठच्या दोन दिवसांची वजाबाकी केली की रविगती मिळते. जानेवारीच्या सुरुवातीला ती सुमारे ६१ कला १० विकला असते आणि जुलैच्या सुरुवातीला ५७ कला १२ विकला. सरासरी गती ५९ कला ८ विकला आहे. सरासरीला त्या दिवसाच्या गतीने भागून वर्गमूळ काढले की खगोलीय एककात (एक एकक म्हणजे पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर, सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर) अंतर मिळते : जानेवारीत ०.९८३, जुलैत १.०१७. समान क्षेत्रफळाच्या नियमाचाच हा उपयोग आहे. पंचांग निरयन असले, म्हणजे सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भात देत असले, तरी फरक पडत नाही, कारण वसंतसंपातापासून मोजलेल्या जागेशी असलेला त्याचा फरक, म्हणजे अयनांश, वजाबाकीत निघून जातो. विकलेच्या एका फरकाने अंतरात सुमारे २० हजार किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून एका दिवसाऐवजी चार-पाच दिवसांची गती घेऊन सरासरी काढावी. हाच परिणाम संक्रांतींमध्येही ढळढळीत दिसतो. सूर्य धनू राशीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत, साडेएकोणतीस दिवसांहून किंचित कमी राहतो, आणि मिथुन राशीत, म्हणजे १५ जूनच्या सुमारापासून १६ जुलैपर्यंत, जवळपास साडेएकतीस दिवस.

दुसरा मार्ग सूर्याचे बिंब मोजण्याचा आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ते साडेबत्तीस कलांचे असते आणि जुलैच्या सुरुवातीला साडेएकतीस कलांच्या आत येते. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी. दुर्बिणीतून डोळ्याने सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि शोधक दुर्बिणीवर, म्हणजे मुख्य दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीवर, टोपण घातलेले असावे. नेत्रिकेपासून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगापासून, कागदाचे अंतर एका लाकडी पट्टीने पक्के करून ठेवावे, कारण ते पाच मिलिमीटरने जरी बदलले तरी मोजमाप फुकट जाते. प्रतिमेच्या आडव्या व्यासाच्या दोन्ही कडांवर टोकदार पेन्सिलीने खुणा कराव्यात. जुलैच्या सुरुवातीला कोकणात आणि घाटमाथ्यावर सूर्य दिसण्याची खात्री नसते, म्हणून मी दुसरे मोजमाप मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घेतो. तेव्हाही अंतर अपसूर्याच्या पुष्कळ जवळ पोहोचलेले असते. जानेवारीतील प्रतिमा १५० मिलिमीटर असेल, तर मेअखेरीस ती १४५.५ च्या आसपास येते. साडेचार मिलिमीटरचा तो फरक पट्टीवर स्वच्छ दिसतो, आणि विद्यार्थ्यांना ५० लाख किलोमीटर हा आकडा त्या दिवशी खरा वाटू लागतो.

किती अचूकता हवी, हे कामावर अवलंबून आहे. सौर पॅनेलवर पडणाऱ्या उन्हाच्या अंदाजासाठी १ वजा ०.०१६७ गुणिले मध्यम कोनाचा कोसाइन एवढे एकच गुणोत्तर पुरते, केप्लरचे समीकरणही सोडवावे लागत नाही. शाळेतल्या किंवा हौशी मंडळाच्या कोष्टकाला वर सांगितलेली पद्धत घ्यावी. चंद्राचा परिणाम सोडून दिला तरी ती काही हजार किलोमीटरपर्यंत बरोबर येते. ग्रहणाचे गणित करणाऱ्याला मात्र चंद्र आणि इतर ग्रहांचे सर्व परिणाम घ्यावेच लागतात. ग्रहणांमध्ये चंद्राचे आपल्यापासूनचे अंतर अधिक महत्त्वाचे असते, तरी सूर्याचाही वाटा असतोच. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण कमाल ६ मिनिटे ३९ सेकंदांचे होते, तेव्हा अपसूर्य नुकताच होऊन गेला होता आणि बिंब लहान होते. १५ जानेवारी २०१० चे कंकणाकृती ग्रहण ११ मिनिटांहून अधिक चालले, तेव्हा उपसूर्य जवळ होता आणि बिंब मोठे.

पृथ्वीचे कोष्टक जुळले की त्यातच मंगळ करून पाहावा, कारण तिथे पद्धतीची खरी परीक्षा होते. अर्धदीर्घाक्ष १.५२३७ खगोलीय एकके, विमध्यता ०.०९३४, रोजची मध्यम गती ०.५२४० अंश, आणि सुरुवातीला ८ मे २०२४ चा उपसूर्य घ्यावा. फेऱ्या पाच-सहा कराव्यात. १९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ प्रतियुतीत, म्हणजे आपल्या दृष्टीने सूर्याच्या समोरासमोर येईल. त्या दिवसासाठी मंगळाचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे २४ कोटी ९१ लाख किलोमीटर यायला हवे आणि पृथ्वीचे १४ कोटी ७९ लाख. वजाबाकी १० कोटी १२ लाख होते. त्या दिवशी मंगळाचे आपल्यापासूनचे अंतर १० कोटी १४ लाख असेल. वरचे दोन लाख मंगळाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी १.८५ अंशांनी कललेली असल्यामुळे येतात. ऑगस्ट २००३ मध्ये हेच अंतर ५ कोटी ५८ लाखांपर्यंत खाली आले होते, कारण त्या वेळी मंगळ स्वतःच्या उपसूर्याशी होता.